चांगुणाचा खुलासा

ठकूबाईनं खण-नारळ पुढं केला तेव्हा चांगुणानं आधी माझ्याकडं पाहिलं. मग एक पाऊल मागं सरून ती म्हणाली, "मावशी, मला न्हाई चालत हे."

"कुनाला न्हाई चालत?" ठकूबाई म्हणाली. "आमाला चालतंय. पदर धर."

खडकेवाडीच्या चावडीपुढं उन्हात पंचवीस-तीस बायका उभ्या होत्या. अख्खी वाडी विड्या वळून पोट भरायची, त्यामुळं बहुतेकींच्या बोटांवर तंबाखूचा पिवळा डाग होता. चांगुणा घुले त्यांच्यातलीच. शेजारच्या गावात विड्या वळता वळता ती युनियनची पुढारी झाली होती आणि आता आमच्या श्रमजन पक्षाकडून जिल्हा परिषदेला उभी होती. बायकांसाठी जागा राखून पहिल्यांदाच निवडणूक होत होती. बाई उमेदवार गावात आली की तिला ओवाळायचं, तिची ओटी भरायची, ही रीत लोकांनी आपली आपणच पाडून घेतली होती. अडचण एवढीच की चांगुणाचा नवरा दहा वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला होता, आणि विधवेची ओटी भरत नाहीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

चांगुणानं पदर धरला. ठकूबाईनं त्यात गहू घातले, खण ठेवला, त्यावर नारळ ठेवला. कपाळाला हळद लावली. कुंकवाच्या करंड्यापाशी तिचं बोट जरा थांबलं. मागं वळून तिनं बाकीच्या बायकांकडं एकदा बघून घेतलं आणि कुंकूही टेकवलं. चांगुणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि दोन्ही हातांत पदर असल्यामुळं तिला ते पुसताही येईना.

"रडायला न्हाई भरली," ठकूबाई म्हणाली. "आता सांगते ते ऐक. माझी नात, अलका, सातवीला हाय. तिच्याबरुबर आनखी धा-बारा पोरी हायेत. हितली शाळा सातवीला सपती. पोरं सायकलीवर तालुक्याला जात्यात, पोरीला कोन धाडतंय? आठवीचा वर्ग हितं आन. जूनमदी पोरी वर्गात बसल्या पाहिजेत, न्हाई तर मांडीवर सूप येतंय त्यांच्या."

सुपात पानं आणि तंबाखू घेऊन विड्या वळतात. एकदा ते पोरीच्या मांडीवर आलं की ती म्हातारी होईपर्यंत उतरत नाही. चांगुणाला पहिलीतूनच काढून सुपापुढं बसवलं होतं, आणि ती निवडणुकीला उभी राहिली ती या एका वर्गासाठीच. बाकी रस्ते, गटारं, समाजमंदिर वगैरे आम्ही पत्रकात घातलं होतं. "आणते," ती म्हणाली, आणि मला माहीत होतं की ती निवडून आली तर खरंच आणील. जिल्हा परिषदेत जाऊन दारात बसेल, पण वर्ग घेतल्याशिवाय उठायची नाही.

मग ठकूबाईनं माझ्याकडं मोर्चा वळवला. माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघून तिनं विचारलं, तुझं बी मालक गेलं का काय. मी म्हटलं, नवरा ठणठणीत आहे, पण आमच्यात हे नसतं. तुमच्यात म्हंजे कंच्यात, असं तिनं विचारलं आणि ते काही मला धड सांगता येईना. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्याच वेळी चावडीच्या कट्ट्यावरचे दोन-तीन म्हातारे उपरणं झटकून उठून गेले, आणि मागच्या एका म्हातारीनं तोंड फिरवलं. जेवणवेळ झाली असेल असं मला वाटलं.

'आमच्यात' म्हणजे पक्षात. आमच्या घरात देव नव्हते, पण नियम फार होते. माझ्या नवऱ्याचं नाव रामकृष्ण वर्पे. नावात दोन-दोन देव, आणि मानत एकही नव्हते. तालुक्यात पक्ष उभा केला तो त्यांनीच. सगळे त्यांना रामभाई म्हणत. मीही रामभाईच म्हणायची. लग्न करून आले आणि पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला होता, नवऱ्याला भाई म्हणणारी सून त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

पक्षाची आचारपत्रिका होती. उमेदवारानं देवळात नारळ फोडायचा नाही. ओवाळून घ्यायचं नाही. कुणाच्या जातीच्या मेळाव्याला जायचं नाही. बागायतदाराच्या ओसरीवर चहा घ्यायचा नाही. आणि यातलं काही मोडलं तर खुलासा करायचा. आपली चूक कागदावर लिहायची आणि चारचौघांत उभं राहून वाचायची. इतर पक्षांत माणसं चुका झाकतात, आपण उघड्या करतो, असं रामभाई अभिमानानं सांगत.

त्यांना कुणी लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणू शकत नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हा थोरल्या भावानं पायावर डोकं ठेवलं म्हणून त्यांनी दहाव्याला मुंडन करून घेतलं होतं. पुढच्या आठवडी बाजारात, तुळतुळीत डोक्यानं खोक्यावर उभं राहून, त्यांनी त्याचा खुलासा वाचला. लोक हसले. भावानं त्या दिवसापासून बोलणं टाकलं ते कायमचं. त्याआधी शाळेतल्या पूजेला उभं राहायला नकार दिला म्हणून मास्तरकीही गेली होती. तत्त्व त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं, त्यामुळं ते फुकट सोडायची त्यांची तयारी नव्हती. समितीत त्यांच्याइतकेच कडक आणखी दोघं-तिघं होते. त्यांनी मात्र कसली किंमत मोजली नव्हती, ते नुसतेच कडक होते.

प्रचारात जे काही मिळेल ते संध्याकाळी पक्षाच्या टेबलावर आणून ठेवायचं, हीसुद्धा आमचीच पद्धत. पक्षाचं कार्यालय म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. चांगुणानं त्या दिवशी खण, नारळ आणि गव्हाची पुरचुंडी सगळ्यांच्या देखत टेबलावर ठेवली. लपवावं असं तिच्या मनातही आलं नाही. उलट असं तोंड उजळलेलं मी तिचं कधी पाहिलं नव्हतं. कपाळावरचं कुंकू तिनं पुसलं नव्हतं, घामानं ते जरा ओघळलं होतं.

रामभाईंनी नारळाकडं पाहिलं, मग तिच्या कपाळाकडं. "हे काय आहे, चांगुणाताई?" त्यांनी विचारलं. आवाज मुळीच चढलेला नव्हता, आणि ते वाईट लक्षण होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तालुका समिती बसली. मतदानाला आठवडाही उरला नव्हता. मी समितीत नव्हते, चहा करायला होते, म्हणजे सगळं ऐकायला होते. खुलासा आत्ताच झाला पाहिजे, पत्रक छापून गावोगाव वाटला पाहिजे, असं रामभाईंनी मांडलं.

लतीफभाई आमचे सेक्रेटरी. बाजारात त्यांचं सायकलींचं दुकान होतं, आणि पंक्चर काढता काढता त्यांना गावागावातली हवा कळायची. समोरची उमेदवार म्हणजे साखर कारखान्याच्या एका संचालकाची सून. सभेत ती हात जोडायची आणि भाषण सासरा करायचा, त्यामुळं लोक तिला हसत होते. तीन विडी गावं आपल्या बाजूला आहेत, त्यांत खडकेवाडी मोठी, आणि पक्षाच्या जन्मात पहिल्यांदा जागा येतेय, असं लतीफभाईंचं गणित होतं. "खुलासा कुणी नको म्हणतंय?" ते म्हणाले. "होऊ द्या की. मतदान झालं की दुसऱ्या दिवशी मी स्वतः भोंगा लावून वाचतो."

"म्हणजे मतांसाठी तत्त्व आठवडाभर खुंटीला टांगायचं," रामभाई म्हणाले. "मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय उरला? ती संचालकाची सूनही गावोगाव ओटी भरून घेतेय. ओटी म्हणजे काय, हे आपणच बायकांना सांगत आलो ना? नवरा आहे तोवर बाईला किंमत, पोरं झाली तर बाईला किंमत. तेच आपल्या उमेदवारानं पदरात घ्यायचं? आज नारळ घेतला, उद्या पालखीला खांदा द्याल. निवडणुका दर पाच वर्षांनी येतील. एकदा गेलेला शब्द येत नाही."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. पंचवीस वर्षं मी त्या माणसाबरोबर संसार केला होता तो त्यांच्या अशाच बोलण्याला भुलून. पण चावडीपुढं पदर धरून रडणारी चांगुणा डोळ्यांपुढून हलत नव्हती. कपबशा खाली ठेवत मी म्हटलं, "त्या बायकांना विचारलंय का, त्यांनी का भरली ते?"

"प्रश्न प्रथेचा आहे," रामभाई म्हणाले. "बायकांचा नाही."

यावर लतीफभाईंनी डोळे मिटून घेतले. हात वर करून मतं घेतली, ती खुलाशाच्या बाजूनं पडली. लतीफभाई एका हातानं हरले. मग रामभाई चांगुणाकडं वळले. सक्ती नाही, ते म्हणाले. तुम्हाला पटत नसेल तर सही करू नका, समिती वेगळं निवेदन काढील. त्यांना ते मनापासून म्हणायचं होतं. त्यांना सक्ती करता येतच नसे, आणि कुणाला त्यांना नाही म्हणताही येत नसे.

चांगुणानं कागद मागितला. सही करून झाल्यावर ती आत माझ्याकडं पाणी प्यायला आली तेव्हा मी विचारलं, का केलीस. ती म्हणाली, "वहिनी, नवरा गेल्यावर वर्षभर मी कोपऱ्यात तोंड घालून बसलेली. भाईंनी मला बाहेर काढलं, पाटी आणून दिली, माझं नाव लिहायला शिकवलं. त्यांनीच दिलेल्या अक्षरांनी त्यांना नाही कसं लिहू?"

खुलासा रामभाईंनी लिहिला होता, अगदी थोडक्यात. खडकेवाडी येथे प्रचारफेरीत माझी ओटी भरण्यात आली. अशा रूढीला मान देणे ही माझी चूक झाली. असे व्हायला नको होते. खाली चांगुणाची सही. भाषेत एक शब्द जास्त नव्हता, आणि त्या कागदानं जे केलं तेही काही कमी नव्हतं.

समोरच्यांना काहीच करावं लागलं नाही. त्यांनी आमचंच पत्रक आणखी हजारभर छापून घेतलं. विरोधी पक्षानं आपलं साहित्य स्वखर्चानं वाटावं असा प्रसंग तालुक्याच्या राजकारणात त्याआधी आला नव्हता. लतीफभाई खडकेवाडीला जाऊन बायकांशी बोलायचं म्हणत होते, चांगुणालाही जायचं होतं. पण खुलाशाचा खुलासा करत फिरलो तर लोक हसतील, असं त्या कडक लोकांपैकी एकानं काढलं आणि ते सगळ्यांना पटलं. उरलेले दिवस आम्ही दुसऱ्या गावांत घालवले.

मतमोजणी तहसील कचेरीत झाली. दुपारपर्यंत चांगुणा पुढं होती. बाकीच्या दोन्ही विडी गावांनी तिला भरभरून दिलं होतं. लतीफभाई दारात येऊन येऊन हातानं खुणा करत होते. मग खडकेवाडीच्या पेट्या उघडल्या. बायकांच्या केंद्रावर निम्म्या बायका मत द्यायला आल्याच नव्हत्या, आणि आल्या त्यांतल्या बऱ्याचजणींनी तिकडं शिक्का मारला होता. दीडशेच्या आतबाहेर मतांनी जागा गेली. कचेरीबाहेर संचालकांनी सुनेचा सत्कार स्वतःच स्वीकारला.

संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. रामभाईंचा चेहरा उतरलेला होता, पण ते ताठ बसले होते. "हरलो," ते म्हणाले, "पण मान खाली घालायला लागली नाही."

"कुणाची मान, भाई?" लतीफभाईंनी विचारलं. ते उठले, चपला घातल्या आणि गेले. पुढं वर्षभरात त्यांनी पक्ष सोडला, पण दुकानात रामभाईंच्या सायकलीचं काम शेवटपर्यंत फुकट करून देत राहिले.

निकालाच्या दोन दिवसांनी चांगुणा सकाळीच माझ्या दारात उभी राहिली. खडकेवाडीला जायचंय, चलता का, म्हणाली. रामभाईंना सांगू का म्हटलं तर नको म्हणाली. आम्ही एस.टी.च्या फाट्यावर उतरून चालत गेलो.

मला वाटलं होतं दारं लावून घेतील. तसं काही झालं नाही. ठकूबाई ओसरीवर विड्या वळत होती, शेजारी तिचा म्हातारा खाटेवर खोकत पडला होता. तिनं सूप बाजूला ठेवलं, घोंगडी टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चांगुणानं चहाची वाट पाहिली नाही. "मावशी, मत दिलंत का मला?" तिनं सरळच विचारलं.

"न्हाई," ठकूबाई म्हणाली.

मग ती सांगायला लागली. मधे सून येऊन उभी राहिली, आणखी दोघी-तिघी कुंपणापाशी आल्या. ओटी भरली त्याच संध्याकाळी चावडीवर तिला बोलावलं होतं. रांडमुंड बाईच्या कपाळाला कुंकू लावून गावात अवदसा आणली, म्हणाले. कुणाच्या घरी मेलं-गेलं तर तुझ्या डोक्यावर, म्हणाले. सुनेच्या माहेरापर्यंत निरोप गेले. खाटेवरच्या म्हाताऱ्यानं, जो पन्नास वर्षं तिच्या हातचं खात आला होता, तिच्या हातची भाकरी घेतली नाही. चावडीपुढं हसणाऱ्या त्या सगळ्या बायकांना घरोघर असंच ऐकून घ्यावं लागलं. एकीला नवऱ्यानं मारलं, ती कुंपणापाशी उभी होती, तिनं खाली बघितलं.

"तरी आमी एकीनं बी माघार घेतली न्हाई," ठकूबाई म्हणाली. "चावडीवर मी म्हन्लं, भरली ती भरली. बाई आमची हाय, आमच्यासाठी लडती, तिचं कपाळ मोकळं आमाला बघवत न्हाई. पाप लागलं तर मला लागू द्या. आसं म्हन्ल्यावर गप बसले समदे. दोन दिस गप बसले. आन् मग तुझा कागद आला."

सुपातला एक वेडावाकडा तुकडा उचलून तिनं बाहेर टाकला.

"देवळातल्या पुजाऱ्यानं पारावर वाचून दावला. आसं व्हायला नको होतं. म्हन्ला, बघा बायांनो, मी म्हनत होतो ते तुमी ऐकलं न्हाई, आता ती सोता म्हन्ती. त्यांच्या पक्षाला कळतंय, तुमाला कळत न्हाई. समदी मान्सं हसली. आता मला सांग, पुजारी बी तेच म्हन्तो आन् तुमचा भाई बी तेच म्हन्तो, मग आमी कुनाकडं बघून मत द्यायचं?"

आमच्या पुढच्या खोलीत तासभर रूढी, तत्त्व, आचारपत्रिका यांचा काथ्याकूट झाला होता. विधवेची ओटी भरून मुळी त्या बायकांनीच रूढी मोडली होती, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. जी गोष्ट रामभाई पंचवीस वर्षं भाषणांत मागत होते, ती खडकेवाडीच्या बायकांनी भर चावडीपुढं करून दाखवली होती. आणि आम्ही सहीशिक्क्यानिशी त्यांना पुजाऱ्याच्या हवाली केलं होतं.

"माझ्या हातून सही झाली, मावशी," चांगुणा म्हणाली.

"म्हाईत हाय. तुझ्यावर राग न्हाई," ठकूबाई म्हणाली. "पन मत रागानं देत न्हाईत आन् मायेनं बी देत न्हाईत. पाठीशी कोन हुबं ऱ्हाईल ते बघून देत्यात. चहा घे."

आम्ही चहा घेतला.

घरी आल्यावर मी रामभाईंना सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, मार खाल्लेल्या बाईचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "समजावून सांगायला आपण कमी पडलो." मी भाकरी थापत होते, थापत राहिले. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता. हा माणूस वाईट असता तर माझं काम किती सोपं झालं असतं, असंही वाटलं.

तो आठवीचा वर्ग संचालकांच्या सुनेनं आणला, नाही असं नाही. सासऱ्याच्या गावाला आणला, नदीपलीकडं. तिथं आधीच दहावीपर्यंत खाजगी शाळा होती. पक्षानं त्यानंतर ती जागा आणखी दोनदा लढवली आणि दोन्ही वेळा अनामत गेली. या सगळ्याला आता तीस वर्षं होऊन गेली आहेत. पक्ष राहिला नाही, रामभाईही राहिले नाहीत. शेवटी शेवटी ते मला विचारायचे, आपलं नक्की कुठं चुकलं असं तुला वाटतं? मी म्हणायची, तुम्हाला माहीत आहे. ते मान हलवायचे. माहीत त्यांना झालं होतं, आणि ते मी सांगितल्यामुळं झालं नव्हतं.

ते झालं त्याच वर्षीच्या जूनमध्ये. युनियनच्या वर्गणीसाठी आम्ही दोघं खडकेवाडीला गेलो होतो, ते सायकल हातात धरून चालत होते आणि मी बाजूनं. निवडणुकीनंतर त्यांनी त्या गावात पाय ठेवला नव्हता. शाळा उघडण्याचा दिवस होता. फाट्यावर पोरांची टोळी सायकली दामटत तालुक्याकडं निघालेली भेटली. त्यांच्या नव्या दप्तरांकडं बघून रामभाईंना आनंद झाला, त्यांनी एकदोघांना थांबवून नावं विचारली.

ठकूबाईच्या ओसरीवर चांगुणा आमच्या आधीच पोचलेली होती. तिच्यासमोर चार-पाच पोरी ओळीनं बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मांडीवर सूप होतं. सगळ्यांत अलीकडची अलका. तिनं शाळेचाच निळा झगा घातला होता, जुना होईपर्यंत घरात वापरायचा म्हणून. पहिल्यांदा विड्या वळणाऱ्यांचा माल विडी कारखान्यात फार बाद होतो, मजुरी कापतात, म्हणून पोरींना नीट शिकवायला चांगुणा आली होती. आठवीचा वर्ग आणते म्हणालेली बाई त्यांना पान कसं कापायचं ते दाखवत होती.

रामभाई पायरीशी थांबले. त्यांना पोरींशी बोलायला नेहमीच आवडायचं, किती बायकांच्या हातात त्यांनी पाटी दिली होती याची गणती नाही. अलकाकडं बघून त्यांनी हसून विचारलं, "का गं, शाळा आज सुरू झाली ना?"

अलकानं वर पाहिलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, कुणी वेळ विचारली तर सांगावी तसं तिनं सांगितलं.

"पोरांची झाली," ती म्हणाली.

रामभाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते काढून घ्यायचं त्यांना सुचलं नाही. सायकल हातातून निसटून भिंतीला लागली, ती सरळ करायला ते वाकले आणि वाकले ते तिथंच पायरीवर बसले. मला त्यांची फार दया आली. पण मी काही त्यांच्याजवळ जाऊन बसले नाही.

चांगुणानं मान वर केली नाही. अलकाच्या हातातलं पान तोंडाशी उकललं होतं, तंबाखू सांडत होता. चांगुणानं तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि म्हणाली, "असं न्हाई बाळा. घट्ट धर."